सिम्युलिंक मॉडेलमधून कोड काढताना टार्गेट कसं निवडायचं

सिम्युलिंकमध्ये, म्हणजे ब्लॉक जोडून यंत्रणेचं मॉडेल बनवायच्या आणि संगणकावर चालवून बघायच्या साधनात, मॉडेल तयार आहे, ग्राफ हवा तसा येतोय, आणि आता तोच कंट्रोलर मायक्रोकंट्रोलरवर उतरवायचा आहे. नवखा माणूस इथे काय करतो? कंट्रोल-बी दाबून बिल्ड करतो, म्हणजे मॉडेलवरून कोड बनवतो, फोल्डरभर फाइली तयार होतात, त्या उचलून चिपच्या प्रोजेक्टमध्ये टाकतो. मीही तेच केलं होतं.

माझं मॉडेल एका हीटरचं होतं. दर 10 मिलिसेकंदांनी ते एकदा चालायचं, एक काउंटर एकाने वाढायचा, आणि तो 60,000 झाला की, म्हणजे दहा मिनिटांनी, हीटर बंद. सिम्युलेशनमध्ये बरोबर दहाव्या मिनिटाला बंद व्हायचा. बोर्डावर मात्र बंदच होईना. चिप आठ बिटांची एव्हीआर होती, तिच्या कंपायलरचा 'इंट', म्हणजे सी भाषेतला साधा पूर्णांक, 16 बिटांचा. मॉडेलच्या सेटिंगमध्ये मात्र हार्डवेअर म्हणून 64 बिटांचा विंडोज संगणक जसाच्या तसा राहिला होता. त्यामुळे 32 बिटांचा पूर्णांक म्हणजे साधा 'इंट' असं धरूनच कोड लिहिला गेला. काउंटर 32,767 पर्यंत चढला, उलटून उणे 32,768 वर गेला आणि पुन्हा चढू लागला. 60,000 त्याच्या नशिबातच नव्हते.

आणि यात कोड लिहिणाऱ्या जनरेटरचा काहीही दोष नव्हता. बनलेल्या हेडर फाइलमध्ये त्याने पहारा बसवलेला असतो: कंपायलरच्या 'लिमिट्स' हेडरमधले आकडे आणि सेटिंगमधले आकडे जुळले नाहीत तर बिल्ड तिथेच थांबतं. माझंही थांबलं होतं. मी घाईत त्या ओळी कॉमेंट करून टाकल्या.

कोड जनरेटर चिपकडे ढुंकूनही बघत नाही. तुम्ही चिपबद्दल जे सांगाल ते तो खरं धरतो. टार्गेट निवडणं आणि बसवणं म्हणजे हे सांगण्याचं काम, आणि ते नीट कसं करायचं ते आता क्रमाने बघू. उदाहरण सिम्युलिंकचं घेतलंय, पण विचार करायची पद्धत दुसऱ्या कुठल्याही मॉडेल-टू-कोड साधनाला लागू पडेल.

डायलॉग उघडायच्या आधी

कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा. कोड कुठे चालणार: स्वतःच्याच संगणकावर, की चिपवर? चिपवर असेल तर तिचा 'इंट' किती बिटांचा, आणि दशांश आकडेमोडीसाठी तिच्यात वेगळं युनिट आहे का? मॉडेल दर किती वेळाने चालायला हवं? आणि मुख्य 'मेन' फंक्शन कोण लिहिणार, जनरेटर की तुम्ही? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्याचं उत्तर माहीत नसल्यामुळे अनेकांचे दोन-तीन दिवस वाया जातात.

चिपची माहिती डेटाशीटमध्ये मिळेल, पण 'इंट'ची लांबी कंपायलरच्या मॅन्युअलमध्ये बघा. ती कंपायलर ठरवतो.

टार्गेट म्हणजे नक्की काय

बिल्ड केल्यावर मॉडेल आधी एका मधल्या वर्णनात उतरतं. त्या फाइलचं एक्स्टेन्शन आरटीडब्ल्यू असतं. ही अक्षरं जुन्या नावाची खूण आहेत: आज ज्याला सिम्युलिंक कोडर म्हणतात, त्याचं नाव 2011 पर्यंत रिअल-टाइम वर्कशॉप होतं. हे वर्णन टार्गेट लँग्वेज कंपायलर वाचतो आणि सी किंवा सी प्लस प्लसच्या फाइली लिहितो. कशा लिहायच्या हे त्याला 'सिस्टिम टार्गेट फाइल' सांगते. तिचं एक्स्टेन्शन टीएलसी. तीच निवडणं म्हणजे टार्गेट निवडणं.

कंट्रोल-ई दाबून 'कॉन्फिगरेशन पॅरामीटर्स' उघडा, 'कोड जनरेशन'वर जा, 'सिस्टिम टार्गेट फाइल'समोरचं 'ब्राउझ' दाबा. यादी लांबलचक येते, पण सुरुवातीला कामाच्या नोंदी मोजक्याच.

जीआरटी, म्हणजे जेनेरिक रिअल-टाइम. नव्या मॉडेलवर हेच लावलेलं असतं. कोड संगणकावर चालवून बघायचा, अल्गोरिदम सी मध्ये कसा दिसतो ते पाहायचं, एवढ्यासाठी उत्तम. पण मॅट-फाइलमध्ये नोंदी ठेवण्याची सोय त्यात मुळातच चालू असते, आणि तिच्यामागून फाइल उघडणं आणि मेमरी मागून घेणं असा लवाजमा येतो. 20 किलोबाइट रॅमच्या चिपवर हा लवाजमा नेऊ नका.

ईआरटी, म्हणजे एम्बेडेड कोडरचं टार्गेट. चिपवर जाणाऱ्या कोडसाठी हेच. फाइली आटोपशीर, फंक्शनं मोजकी, आणि कोडचा आकार, नावं, मेमरी यावर भरपूर ताबा. यासाठी एम्बेडेड कोडरचा परवाना लागतो, आणि तो सिम्युलिंक कोडर आणि मॅटलॅब कोडर यांच्यावर उभा आहे. म्हणजे तिन्ही हवेत. परवाना आहे का हे कामाच्या पहिल्याच दिवशी तपासा.

याशिवाय ईआरटीचाच एक भाऊ मॉडेलची शेअर्ड लायब्ररी बनवतो. दुसऱ्या प्रोग्रॅममधून कंट्रोलर हाकायचा असेल तर तो सोयीचा. आरसिम हे संगणकावर एकच मॉडेल वेगवेगळ्या पॅरामीटरांनी शेकडो वेळा झपाट्याने चालवण्यासाठी. ऑटोसार हे वाहन उद्योगातल्या त्याच नावाच्या मानकासाठी, आणि ज्यांना ते लागतं त्यांना ते आधीच माहीत असतं. बाकीच्या नोंदी आत्ता विसरा.

माझं मत विचाराल तर: कोड शेवटी चिपवर जाणार असेल तर पहिल्या दिवसापासून ईआरटी लावा. 'आधी जीआरटीवर बघू, नंतर बदलू' असं म्हणणाऱ्याला बदलताना दुप्पट काम पडतं, कारण दोन्हींच्या मूळ सेटिंग्ज वेगळ्या आहेत. उदाहरणार्थ, जीआरटीमध्ये मॉडेलचे पॅरामीटर (गेन, म्हणजे सिग्नलला गुणायचा आकडा, वगैरे) चालू असताना बदलता येतील असे ठेवलेले असतात. ईआरटीमध्ये ते मुळात थेट आकडे म्हणून कोडमध्ये ओतले जातात. सवय एकाची आणि वापर दुसऱ्याचा, असं झालं की 'माझा गेन कुठे गायब झाला?' असा प्रश्न पडतो. कुठेही गेलेला नसतो, 2.5 होऊन ओळीत बसलेला असतो.

टार्गेट बदललं की काही सेटिंग्ज त्या टार्गेटच्या मूळ मूल्यांवर जातात. म्हणून टार्गेट सगळ्यात आधी ठरवा, बाकीचं नंतर.

सॉल्व्हर

आता 'सॉल्व्हर'च्या पानावर या. नव्या मॉडेलमध्ये इथे व्हेरिएबल-स्टेप असतं, म्हणजे सिम्युलेशन स्वतःच्या सोयीने लहान-मोठी पावलं टाकतं. चिपवरचा टायमर तसं करू शकत नाही. 'फिक्स्ड-स्टेप' निवडा आणि स्टेपची लांबी 'ऑटो' न ठेवता स्वतः लिहा. 10 मिलिसेकंद हवे असतील तर 0.01.

मॉडेलमध्ये इंटिग्रेटर किंवा ट्रान्सफर फंक्शनसारखे सलग काळाचे ब्लॉक असतील तर ईआरटी तक्रार करेल. सलग काळाचा आधार चालू करून तक्रार मिटवता येते, पण कंट्रोलरच्या बाबतीत मी तसं करत नाही. ते ब्लॉक काढून डिस्क्रीट, म्हणजे ठरावीक पावलांनी चालणारे, ब्लॉक बसवा. मोटार, टाकी, हीटर हे ज्याच्यावर कंट्रोल करायचंय ते (त्याला प्लांट म्हणतात) सलग राहू द्या, पण ते वेगळ्या मॉडेलमध्ये. कंट्रोलर आणि प्लांट एकाच मॉडेलमध्ये ठेवून 'सगळ्याचा' कोड काढणाऱ्याला चिपवर एक आभासी मोटार मिळते आणि खरी मोटार मख्ख उभी राहते.

हार्डवेअर इम्प्लिमेंटेशन: इथे घाई नको

माझा हीटर याच पानाने फसवला.

सगळ्यात वर 'हार्डवेअर बोर्ड' असतं. तुमच्या बोर्डाचं सपोर्ट पॅकेज बसवलेलं असेल तर बोर्डाचं नाव निवडा, खालचे आकडे आपोआप भरतील. बोर्ड यादीत नसेल, किंवा कोड तुमच्याच प्रोजेक्टमध्ये जाणार असेल, तर बोर्ड 'नन' ठेवा आणि 'डिव्हाइस व्हेंडर' व 'डिव्हाइस टाइप' हाताने निवडा. मग 'डिव्हाइस डिटेल्स' उघडून प्रत्येक आकडा कंपायलरच्या मॅन्युअलशी ताडून बघा. कॅर, शॉर्ट, इंट, लाँग: एकेका ओळीवर बोट ठेवून.

एआरएम कॉर्टेक्स-एम घेतलं तर इंट 32 बिटांचा आणि लाँगही 32 बिटांचा. आठ बिटांच्या एव्हीआरवर इंट 16, लाँग 32. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी-2000 कुळात तर 'कॅर'च 16 बिटांचा असतो, तिथे आठ बिटांचा प्रकार मुळात अस्तित्वातच नाही. आठ बिटांवर बेतलेलं मॉडेल तिथे नेताना हे आधी माहीत हवं. संगणकांमध्येही एकवाक्यता नाही: 64 बिटांच्या विंडोजवर लाँग 32 बिटांचा, लिनक्सवर 64.

हे आकडे जातात कुठे, ते एकदा डोळ्यांनी बघा. बिल्ड झाल्यावर 'आरटीडब्ल्यूटाइप्स' नावाची हेडर फाइल उघडा. तिच्यात ओळी असतात: इंट32_टी म्हणजे काय, युइंट8_टी म्हणजे काय, रिअल_टी म्हणजे डबल (64 बिटांचा दशांश आकडा), रिअल32_टी म्हणजे फ्लोट (32 बिटांचा). सेटिंगमध्ये कॉर्टेक्स-एम असेल तर इंट32_टी समोर 'इंट' दिसेल. एव्हीआर असेल तर त्याच जागी 'लाँग'. हा एक शब्द चुकला की माझ्या हीटरचं जे झालं तेच होणार. एरर म्हणून थांबवणाऱ्या ओळी दिसल्या तर त्या कॉमेंट करू नका, हे आता सांगायला नको.

याच पानावर बाइटचा क्रम, म्हणजे लिटल की बिग एन्डियन, आणि ऋण पूर्णांकांचा भागाकार कुठल्या बाजूला गोल होतो हेही असतं. भागाकाराचं सेटिंग बरोबर भरलं तर जनरेटर कधी कधी आखूड कोड लिहू शकतो. मोघम ठेवलं तर तो सावधपणे जास्तीच्या ओळी घालतो.

डबलचा खर्च

सिम्युलिंकमध्ये काहीही न सांगता काढलेला सिग्नल डबल असतो. संगणकावर त्याचं काही वाटत नाही. कॉर्टेक्स-एम-4 मध्ये दशांश गणिताचं युनिट असलं तरी ते सिंगल प्रिसिजनचं, म्हणजे 32 बिटांचं, असतं. डबलचा प्रत्येक गुणाकार सॉफ्टवेअरने करावा लागतो, आणि त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो.

उपाय तीन जागी करायचा असतो. एक, 'मॅथ अँड डेटा टाइप्स'मध्ये ज्यांचा प्रकार सांगितलेला नाही अशा सिग्नलसाठी 'सिंगल' निवडा. दोन, कॉन्स्टंट ब्लॉक आणि गेन यांचे प्रकार स्वतः तपासा, कारण एक डबल कॉन्स्टंट पुढची सगळी साखळी डबल करून टाकतो. तीन, भाषेचं मानक सी-99 किंवा त्यापुढचं ठेवा. जुन्या सी-89 च्या गणिती लायब्ररीत सिंगलसाठी वेगळी फंक्शनं नसल्यामुळे वर्गमूळ किंवा साइन काढताना गुपचूप डबल घुसतं. मग बनलेल्या सी फाइलमध्ये 'रिअल_टी' शोधा. एकही सापडलं नाही की काम झालं. सापडलं तर त्या ओळीवरून मागे मॉडेलमध्ये जा. कोड जनरेशन रिपोर्ट चालू ठेवला असेल तर ओळीवर क्लिक करून थेट त्या ब्लॉकवर पोचता येतं.

इंटरफेस आणि बाकीची पानं

'इंटरफेस'च्या पानावर अनंत आणि 'संख्या नाही' अशा मूल्यांचा आधार गरज नसेल तर बंद करा. दोन-तीन फाइली कमी होतात. कधीच न थांबणाऱ्या यंत्राला टर्मिनेट फंक्शन लागत नाही, तेही बंद. एकाच कंट्रोलरच्या दोन प्रती हव्या असतील, म्हणजे दोन मोटारींना तोच कोड, तर 'रीयूजेबल फंक्शन' निवडा. नाहीतर मॉडेलची सगळी माहिती ग्लोबल राहते आणि दुसरी मोटार पहिलीच्या अवस्थेवर लिहीत बसते.

उद्दिष्टांची यादीही असते: वेग, रॉम, रॅम, सुरक्षितता, मिझरा सी (सुरक्षित सी लिहिण्याचे नियम) आणि असंच बरंच. सगळी निवडू नका. वर जे ठेवाल त्याला जास्त मान मिळतो आणि ती एकमेकांना छेदतात. शिकताना 'डीबगिंग' किंवा 'ट्रेसेबिलिटी' पुरेसं.

टूलचेनचं, म्हणजे कोड कंपाइल करणाऱ्या साधनांच्या साखळीचं, काय? कोड तुमच्या आयडीईमध्येच (कोड लिहायच्या आणि कंपाइल करायच्या प्रोग्रॅममध्ये) कंपाइल होणार असेल तर 'जनरेट कोड ओन्ली' वर टिक करा आणि हा विषय सोडून द्या.

मेन कोण लिहिणार

बिल्ड झाल्यावर मॉडेलच्या नावापुढे _ईआरटी_आरटीडब्ल्यू जोडलेलं फोल्डर मिळतं. मॉडेलचं नाव हीटर असेल तर आत हीटर.सी, हीटर.एच, आणि एक उदाहरणादाखल ईआरटी_मेन.सी. तुमच्या कामाची फंक्शनं फक्त दोन: हीटर_इनिशियलाइझ आणि हीटर_स्टेप. पहिलं एकदा, दुसरं दर स्टेपला. आत जाणारे सिग्नल हीटर_यू या स्ट्रक्चरमध्ये लिहायचे, बाहेर येणारे हीटर_वाय मधून वाचायचे.

ईआरटी_मेन.सी वाचाच, पण आहे तशी वापरू नका. तिच्या मेनमध्ये एक रिकामा फिरता लूप असतो आणि कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की आरटी_वनस्टेप हे फंक्शन टायमरला किंवा इंटरप्टला (चालू काम थांबवून हाक मारणाऱ्या संकेताला) जोडा. ते जोडलं नाही तर स्टेप कधीच चालत नाही. 'कोड चढवला पण काहीच होत नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. त्या फंक्शनमध्ये एक ओव्हररन फ्लॅगही असतो: मागची स्टेप संपायच्या आत पुढची आली तर तो चूक नोंदवतो. स्वतःचं मेन लिहिताना फ्लॅगची ही कल्पना तेवढी उचला.

टायमर बसवताना 0.01 हा आकडा पुन्हा आठवा. 16 मेगाहर्ट्झ घड्याळ असलेल्या एसटीएम-32 चिपवर प्रीस्केलरने 16,000 ने भागलं की 1 किलोहर्ट्झ उरतं, आणि दर दहाव्या टिकला इंटरप्ट हवा. पण रजिस्टरमध्ये दोन्ही आकडे एकाने कमी लिहायचे असतात: 15,999 आणि 9. इथे चुकून 10 लिहिलं तर स्टेप 11 मिलिसेकंदांची होते. मॉडेलला याचा पत्ताच नाही, ते 0.01 धरूनच इंटिग्रेशन करत राहतं, आणि दहा मिनिटं अकरा मिनिटांची होतात.

वेळ मोजायची साधी रीत: स्टेपच्या आधी एक पिन वर करा, नंतर खाली. ऑसिलोस्कोपवर दोन चढत्या कडांमधलं अंतर म्हणजे तुमची खरी स्टेप, आणि पिन वर असण्याचा काळ म्हणजे गणिताला लागलेला वेळ. तो स्टेपच्या निम्म्याहून जास्त दिसला तर डबलचा भाग पुन्हा वाचा.

सेटिंग्ज जपून ठेवा

एकदा जमलेली सेटिंग्ज प्रत्येक मॉडेलमध्ये हाताने भरू नका. मॉडेल एक्स्प्लोररमधून कॉन्फिगरेशन सेट एक्स्पोर्ट करा, आणि दोनपेक्षा जास्त मॉडेलं असतील तर तो डेटा डिक्शनरीत ठेवून सगळ्यांना त्याचा संदर्भ द्या. मग चिप बदलली की एकाच जागी बदल. एक्स्पोर्ट केलेली एम-फाइल साधा मजकूर असते, त्यामुळे व्हर्जन कंट्रोलमध्ये कोणी कधी काय बदललं ते ओळीओळीने दिसतं.

पहिली चाचणी

खरा कंट्रोलर चढवण्याआधी मी नव्या चिपवर एक चिमुकलं मॉडेल टाकतो. 32 बिटांचा काउंटर, सुरुवातीचं मूल्य 32,760, दर स्टेपला एकाने वाढणारा. काउंटर 32,770 च्या पुढे गेला की एलईडी लागतो. 10 मिलिसेकंदांची स्टेप असेल तर 0.11 सेकंदात दिवा लागायला हवा, म्हणजे बोर्ड चालू केल्या केल्याच. नाही लागला तर आधी बघा स्टेप फंक्शन टायमरला जोडलंय का. ते जोडलेलं असेल, आणि तरीही दिवा लागत नसेल, तर हार्डवेअरच्या पानावरच्या 'इंट'समोरचा आकडा वाचा.